जळक्या तेलाची सोयरीक

माझ्या अंगाला भज्यांचा वास येतो. ताज्या भज्यांचा असता तर कुणी नाक मुरडलं नसतं. हा वास तळून तळून काळ्या झालेल्या तेलाचा असतो. शिकेकाई लावा, लिंबू चोळा, तो केसांच्या मुळाशी बसून राहतो. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली की मला कारण माहीत असतं. मग मी खिडकीकडं तोंड करून बसते.

आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाचा वर्षाला एक अंक निघतो. यंदा प्रत्येकीनं आपल्या कामावर लिहायचं ठरलं. कुणी शिवणकामावर लिहिणार आहे, कुणी अंगणवाडीवर. मी नाव दिलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण त्यामुळं नाही. विहारातली पुस्तकं वाचून वाचून चार ओळी लिहायला मला जमतात. नाव दिलं नाही, कारण अंक घरोघर वाटतात आणि वस्तीत मी 'कंपनीत' आहे. तेव्हा हे माझ्यापुरतंच लिहिते आहे.

कुरुळी, चाकण, महाळुंगे या पट्ट्यात 'कंपनीत आहे' म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. मशीन चालवणारा कंपनीत, गेटवरचा वॉचमन कंपनीत, साहेबांच्या केबिनमधला केर काढणारी कंपनीत. मीही त्यात शिरले. अगदीच खोटं नाही ते. जळकं तेल गोळा करणारी आमची कंपनीच आहे, तिची पाटी आहे, मला ओळखपत्र आहे. ते मी पर्समध्ये उलटं ठेवते.

काम असं. हॉटेलं, फरसाणवाले, वडापावच्या गाड्या, कारखान्यांची कँटीन, मंगल कार्यालयं, या सगळ्यांकडं तळणाचं तेल उरतं. पुन्हा पुन्हा तापलं की ते खायच्या लायकीचं राहत नाही. पूर्वी लोक ते गटारात ओतायचे, नाहीतर कुणीतरी स्वस्तात नेऊन त्यातच परत तळायचं. आता आम्ही ते विकत घेतो आणि टेम्पोतून प्लांटवर नेतो. चाकणच्या पुढं एका शेडमध्ये प्लांट आहे. तिथं तेल गाळतात, तापवून त्यातलं पाणी उडवतात, मग स्पिरिटसारखं एक रसायन आणि कॉस्टिक सोडा घालून मोठ्या टाकीत ढवळतात. निवळू दिलं की खाली काकवीसारखं ग्लिसरीन बसतं आणि वर पिवळं, पातळ डिझेल राहतं. बायोडिझेल म्हणतात त्याला. ते कारखान्यांच्या बॉयलरला, जनरेटरला जातं, थोडं नेहमीच्या डिझेलमध्ये मिसळतात. म्हणजे काल ज्या तेलात तुमची भजी तळली, त्यावर उद्या कुणाचं तरी मशीन फिरतं.

पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला त्याचं फार अप्रूप वाटलं. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. सासूबाई तेव्हा होत्या. आम्ही मूळचे लातूरकडचे, त्यांची बोली शेवटपर्यंत तिकडचीच राहिली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आपल्या आज्या-पणज्या लोकायच्या मागच्या दारानं जाऊन उरलंसुरलं घिऊन यायच्या. ते सुटायला किती पिढ्या गेल्या गं. आन् तू पगार घिऊन परत मागच्याच दारानं चाललीस?"

मागच्या दारानं जावं लागतं हे खरं, कारण तळणाची भट्टी मागंच असते. पण सासूबाई भट्टीबद्दल बोलत नव्हत्या. त्यांचं ते बोलणं दर गल्लीत माझ्याबरोबर येतं.

तेलाच्या रंगावरून घर कळतं, दुकान कळतं. चांगल्या हॉटेलचं तेल मधासारखं येतं. साधारण कँटीनचं कोऱ्या चहासारखं. ज्याला परवडत नाही त्याचं डांबरासारखं, कारण त्यानं ते शेवटच्या थेंबापर्यंत वापरलेलं असतं. आमच्याकडं पेनासारखं एक मीटर असतं, गरम तेलात बुडवलं की हिरवा, पिवळा नाहीतर लाल दिवा लागतो. पण बहुतेक वेळा डबा वाकडा केला की मला कळतं.

लबाडीही कळते. महाळुंग्याच्या एका कँटीनचा ठेकेदार वजन वाढावं म्हणून डब्यात तळाला पाणी घालायचा. मी कागदाची वात तेलात खोल बुडवून पेटवली, तर ती दिवाळीतल्या लवंगीसारखी तडतडली. ठेकेदार म्हणाला, "अहो मावशी, पावसाचं पडलं असंल." डबा पत्र्याखाली होता आणि दिवस उन्हाळ्याचे. मी मान खाली घातली. लबाडी त्याची आणि लाजले मी. माझं नेहमी असंच होतं. शेवटी टेम्पोचे ड्रायव्हर सय्यदभाई पुढं झाले, "शेठ, तुमच्याच कँटीनवर लई पाऊस पडतो राव! आमच्या चाकणला एवढा पडला असता तर दोन पिकं काढली असती."

सय्यदभाई मूळचे चाकणचेच. माझ्यापेक्षा मोठे, मला आक्का म्हणतात. माझं अर्धं बोलणं तेच बोलतात.

पिंपरीत एक फरसाणवाला आहे. तो तेल फक्त शनिवारी देतो. शनिवारी तेल घराबाहेर गेलं की त्याबरोबर साडेसाती जाते असा त्याचा हिशोब. डबा माझ्या हातात देताना तो डोळे मिटून काहीतरी पुटपुटतो. सय्यदभाई टेम्पो सुरू करताना म्हणतात, "आक्का, नीट बसा. मागं सगळ्या पिंपरीची साडेसाती भरलीये, उतारावर ब्रेक लागायचा न्हाई." मला हसू येतं. पण ते पुटपुटणं ऐकताना आपण माणूस नाही, एखादं गटार आहोत असंही वाटतं.

आणि उंच सोसायट्यांतल्या बायका. त्या बरण्यांत तेल साठवून देतात. "किती छान काम करता तुम्ही, पर्यावरणासाठी," असं म्हणतात आणि बरणी हात लांब करून, दोन बोटांनी धरून देतात. एकीनं माझा फोटो मागितला होता. मी स्कार्फ सोडला नाही. ती म्हणाली, "असू दे, असाच छान येतो."

स्कार्फबद्दल सांगायला हवं. पुण्याकडं गाडीवरच्या सगळ्या बायका ऊन आणि धुळीसाठी तोंड बांधतात, फक्त डोळे दिसतात. त्यामुळं माझ्याकडं कुणी वळून बघत नाही. मी वासासाठी बांधते असं सगळ्यांना सांगते. खरं तर मी ओळखीच्यांसाठी बांधते.

या धंद्यात आल्यापासून मी बातम्या लक्ष देऊन ऐकते. कुठं लांब समुद्रात तेलाची जहाजं अडली की कासारवाडीच्या गल्लीत जळक्या तेलाला मागणी वाढते. डिझेल महागलं की कारखानेवाले आमच्या साहेबांना फोन करतात, साहेब आम्हाला फोन करतात, आणि कालपर्यंत "घेऊन जा बाई ती घाण" म्हणणारा हॉटेलवाला भाव करायला लागतो. खायचं तेलही त्याच वेळी महागतं. मग गरीब गाडीवाला जुनंच तेल आणखी चार दिवस ओढतो. जगातल्या तेलाचं काय होणार हे मोठी माणसं टीव्हीवर सांगतात. मला ते कढईच्या तळाशी दिसतं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

माझी मुलगी प्रज्ञा महाळुंग्याला कंपनीत आहे, आणि ती खरोखरच कंपनीत आहे. बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटरच्या वायरी जोडण्याच्या लाईनवर ती काम करते. तिच्यासाठी कासारवाडीचं स्थळ आलं. मुलाचं नाव संदेश. एका कंपनीत डिझेलच्या पंपाचे भाग जुळवायच्या लाईनवर. वडील कारखान्यातून रिटायर झालेले. आई विमलताई घरामागं भट्टी लावून वडे, भजी, शेव करतात आणि आसपासच्या कँटीनला, चहाच्या टपऱ्यांना पोचवतात. माणसं आमच्यासारखीच, जयभीमवाली, कष्टाची.

बोलणी त्यांच्या पुढच्या खोलीत झाली, बुद्धांच्या फोटोखाली. विमलताई म्हणाल्या, "आमचा संदेश परमनंट आहे. आणि डिझेलचं काम. रस्त्यावर ट्रक आहेत तोवर मरण नाही त्याला."

संदेशचे वडील हसून म्हणाले, "सून बॅटरीची, पोरगा डिझेलचा. घरात दोन्ही असावं. एक बंद पडलं तर दुसऱ्याला धक्का मारायला येतं."

सगळे हसले. मग विमलताईंनी मला विचारलं, "आणि तुम्ही काय करता, ताई?"

मी तोंड उघडायच्या आत आमचे मालक, प्रज्ञाचे वडील, म्हणाले, "ती पण कंपनीतच आहे." ते स्वतः वॉचमन आहेत. मी पोह्याच्या बशीकडं बघत राहिले. त्या अख्ख्या बैठकीत मी "हो" आणि "पुरे" याशिवाय काही बोलले नसेन. पुढच्या बैठकीतही तेच. लग्न उन्हाळ्यात करायचं ठरलं.

आणि पावसाळा सरताना कासारवाडीच्या फेरीवरची बाई काम सोडून गेली. साहेबांनी ती फेरी मला दिली. मला तेव्हाच नाही म्हणायचं होतं. पण साहेबांनी "का?" विचारलं असतं तर काय सांगणार? मी "बरं" म्हणाले. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी अशा "बरं" म्हणून झाल्या आहेत.

पहिल्याच दिवशी सय्यदभाईंनी टेम्पो त्या गल्लीत घातला. विमलताईंच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडपाशी थांबला, तेव्हा मी स्कार्फची गाठ आणखी घट्ट केली. विमलताई झारा हातात घेऊन बाहेर आल्या. बैठकीत त्या जरीच्या साडीत होत्या, इथं गाऊनवर ओढणी घेतलेली, कपाळावर घाम. आम्ही दोघी साधारण एकाच वयाच्या. पण असल्या कामाला येणाऱ्या बाईला मावशीच म्हणायची रीत आहे.

"तेलवाल्या मावशी का? आधीची कुठं गेली?"

"सोडलं," मी स्कार्फमधून म्हणाले.

"तुम्ही तरी टिका बाई. रोज नवीन माणसाला कुठं शिकवत बसू?"

आवाजावरून ओळखतील अशी भीती होती. पण बैठकीत मी बोललेच कुठं होते, की त्यांनी ओळखावं? माझं न बोलणं असं कामाला आलं. त्या दिवशी टेम्पोत बसल्यावर मी सय्यदभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी टेम्पो कडेला घेतला. मग म्हणाले, "आक्का, आजच सांगून टाकायचं होतं. आता जितकं जुनं व्हईल तितकं काळं व्हईल."

मी सांगितलं नाही. पुढच्या फेरीला सांगू म्हणाले. मग त्याच्या पुढच्या.

सुरुवातीला त्यांचं तेल कोऱ्या चहासारखं यायचं. विमलताई तेल वेळेवर बदलायच्या, मला मनातून बरं वाटायचं, पोरगी चांगल्या घरात चालली आहे. मग थंडी सुरू झाली आणि तेल काळं येऊ लागलं. डबे अर्धे भरू लागले. एकदा डबा वाकडा केला तर डांबरच. मला त्याच दिवशी कळलं की या घरात पैशाची ओढ लागली आहे. पण का, ते कळेना. मुलगा परमनंट, वडिलांना थोडं पेन्शन, धंदा चालू.

कारण त्यांनीच सांगितलं. थंडीत पामतेल तुपासारखं थिजतं, डब्यातून निघत नाही. त्या दिवशी डबे उन्हात ठेवून आम्ही दोघी ते पातळ व्हायची वाट बघत होतो. सय्यदभाई चहाला गेले होते. तोंड बांधलेल्या माणसापुढं बोलणं लोकांना सोपं जात असावं. विमलताई पालथ्या डब्यावर बसल्या आणि आपणहून बोलायला लागल्या.

"मावशी, तुम्हाला वाटत असंल ही बाई तेल मरेस्तोवर वापरते. पूर्वी नव्हते हो करत. पोराची लाईन बंद झाली. डिझेलच्या पंपाची मागणीच कमी झाली म्हणे, सगळ्यांना बॅटरी पाहिजे. दिवाळीच्या आधीच घरी बसवला."

माझ्या तोंडून निघालं, "परमनंट होता ना?"

त्यांना वाटलं मी सहजच विचारलं. "कुठला परमनंट! कॉन्ट्रॅक्टवरच होता. होईल होईल म्हणत होते, म्हणून आम्ही झालाच म्हणून सांगत होतो." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "त्याचं लग्न ठरलंय. मुलगी गुणाची आहे. आणि बघा ना नशीब, ती बॅटरीच्याच कंपनीतली. तिच्या माणसांना अजून सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगू? तिची आई तर इतकी शांत, खाली मान घालून बसणारी बाई. तिच्या तोंडाकडं बघून मला खोटं बोलल्याची फार लाज वाटते."

मी डब्याकडं बघत होते. वरचा थर वितळून खाली पांढरा गोळा दिसत होता.

त्या म्हणाल्या, "तुम्हाला मुलगी आहे का?"

"आहे."

"मग सांगा. तुमची लेक अशा घरात द्यायची असती तर तुम्ही काय केलं असतं?"

मी म्हणाले, "सांगून टाका त्यांना." आणि डबे उचलले. त्या मान हलवत म्हणाल्या, "सांगीन. या आठवड्यात सांगतेच."

त्यांनी सांगितलं नाही. मी रोज संध्याकाळी आमच्या मालकांचा फोन वाजायची वाट बघायचे. फोन आला, पण हॉल ठरवायचा होता म्हणून. मालक खूश. प्रज्ञा साड्या बघत होती. आणि मला सगळं माहीत होतं. पण तिला सांगायचं तर कसं कळलं ते सांगावं लागणार. तिच्या सासरच्या मागच्या दारात मी तोंड बांधून जळकं तेल उचलते, हे सांगावं लागणार. माझ्या कामाचं घरात माहीत होतं, पण हे घर माझ्या फेरीत आहे हे सय्यदभाईंशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मी पोरीच्या संसारापेक्षा माझा स्कार्फ सांभाळत बसले होते. असं कुणी मला म्हणालं असतं तर मी भांडले असते. पण मलाच ते रोज कळत होतं.

पुढच्या फेरीला विमलताई परत तेच बोलायला लागल्या, की पत्रिका छापून झाल्यावर सांगावं का, म्हणजे मग ते मोडणार नाहीत. ते ऐकून मला राहवलं नाही. मी डबा खाली ठेवला. हातमोजे तेलकट होते, ते काढले, आणि स्कार्फ सोडला.

विमलताईंनी आधी ओळखलंच नाही. मग ओळखलं. हातातला झारा तसाच राहिला, त्याचं तेल त्यांच्या पायावर टपकत होतं. ते गरम नव्हतं हे नशीब.

"ताई?" त्या म्हणाल्या. मग, "तुम्ही? इतके दिवस तुम्हीच येत होता?"

"हो."

"मी बोलत होते ते सगळं..."

"हो."

मला वाटलं होतं त्या लाजतील, मीही लाजेन, आणि मग काहीतरी मोकळं होईल. त्या रागावल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता. "मी तुम्हाला गरीब बाई समजून मन मोकळं केलं. तुम्ही माझ्या तोंडून काढून घेतलंत. सोयरीक मोडायची असेल तर मोडा, आमचं चुकलंय, आम्ही खोटं बोललो. पण असं तोंड बांधून ऐकायला यायचं नव्हतं."

मी म्हणायला हवं होतं की ऐकायला नव्हते आले, पोट भरायला आले होते. ते सुचलं ते टेम्पो हायवेला लागल्यावर.

घरी गेले आणि प्रज्ञाला समोर बसवलं. दोन्ही गोष्टी सांगितल्या, त्याच्या नोकरीची आणि माझ्या फेरीची. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत होता. पण मला वाटलं होतं त्या जागी नाही.

"त्याच्या नोकरीचं मला माहीत आहे, आई. त्यानं लाईन बंद झाली त्याच दिवशी फोन केला होता. तू नको विचार करूस म्हणाला, मोडलंस तरी चालेल म्हणाला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस. तुम्ही सगळे परमनंट परमनंट करत होता." मग तिनं मला विचारलं, "तुला कधी कळलं?"

मी सांगितलं.

"म्हणजे इतके दिवस तुला माहीत होतं. मी साड्या दाखवत होते तेव्हा पण."

"हो."

"आणि तू मला तशीच जाऊ दिली असतीस?"

ती उठून भांडी घासायला लागली. एरवी ती भांडी घासताना फोनवर गाणी लावते. त्या दिवशी लावली नाहीत. मी आयुष्यात पुष्कळदा लाजले आहे. वासानं लाजले, मागच्या दारानं लाजले. पण ती सगळी लाज एकत्र केली तरी त्या नळाच्या आवाजाएवढी होणार नाही.

पुढच्या फेरीला सय्यदभाई म्हणाले, "आक्का, म्या उतरतो आज. तुमी बसा गाडीतच." मी नाही म्हणाले. तोंड न बांधता उतरले. शेडपाशी विमलताई नव्हत्या. संदेश उभा होता. तेल त्यानं आधीच गाळून, डब्यांना झाकणं लावून ठेवलं होतं.

"जयभीम, आई," तो म्हणाला आणि डबा उचलायला वाकला.

मी त्याचा हात धरला. जावयानं असलं ओझं उचलावं आणि सासूनं बघत उभं राहावं, हे मला बघवेना. तो म्हणाला, "राहू द्या. मी पंपाच्या लाईनवर रोज तेलातच होतो." मग डबा टेम्पोत ठेवून तो तिथंच घुटमळला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुमच्या प्लांटवर माणूस लागतो का? पंप, फिल्टर, नोझल, हे मला येतं. डिझेल कशाचं का असेना, त्याला पंप लागतोच."

प्रज्ञानं त्याला विचारायला सांगितलं होतं की त्याचं त्यालाच सुचलं, ते मी विचारलं नाही.

साहेबांशी बोलणं मला जमत नाही. पगार वाढवा म्हणून कधी बोलले नाही. त्या दिवशी मी प्लांटवर गेले आणि त्यांच्या केबिनच्या दारात उभी राहिले. बाहेर डबे उतरवणारी माणसं होती, सय्यदभाई होते. मी म्हणाले, "साहेब, एक मुलगा आहे. डिझेलच्या पंपाचं काम येतं त्याला."

साहेबांनी मान वर केली. थंडीत आमचा पंप तेल थिजून सारखा अडतो, त्यानं ते वैतागले होते. "कोण आहे? तुमचा कोण लागतो?"

इतके दिवस एका घरी मी विहीण आणि त्याच घराच्या मागं मी तेलवाली, दोन्हीकडं अर्धीच होते. माझे कान तापले. सगळे ऐकत होते. मी म्हणाले, "माझा जावई आहे. म्हणजे, होणार आहे."

सय्यदभाई मागून म्हणाले, "साहेब, घरचंच पोरगं हाय. घ्या."

साहेब हसले. "घेतो, पण मावशी, त्याला खरं सांगा. आपलं पण काही कायमचं नाही. उद्या बॉयलर दुसऱ्या कशावर गेले, ट्रक बॅटरीवर गेले, तर हे डिझेल कोण घेणार? आपला नवीन टेम्पोच बघा, बॅटरीचा येतोय." हे ऐकून सय्यदभाईंचं तोंड उतरलं. ती गाडी आपल्याला चालवता येईल का, याचीच त्यांना काळजी आहे. मग साहेबच म्हणाले, "पण लोक तळायचं काही सोडत नाहीत. तोवर आहे. उद्या पाठवा."

संदेश आता प्लांटवर आहे. पहिल्या दिवशी त्याला टाकीपाशी रसायनाच्या वाफेत डोळे पुसताना बघितलं आणि मी टेम्पोच्या आडोशाला गेले. आपल्यामुळं पोरगं इथं आलं असं वाटलं. प्रज्ञा माझ्याशी बोलते, हसतेही. पण काही सांगायचं असलं की आधी क्षणभर माझ्याकडं बघते, मी खरं ऐकते आहे की नाही असं. ते बघणं जायला वेळ लागेल.

विमलताई पुढच्या फेरीला शेडमध्ये होत्या. मी उतरले तशा त्या कढईशीच उभ्या राहिल्या. मी डबे तपासायला लागले. झारा बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "माझं तेल तुम्ही नेणार, आणि तिकडं माझाच पोरगा ते टाकीत ओतणार. ताई, आपल्या दोघींची लाज एकाच डब्यात भरून गेली की हो."

त्या मला मावशी म्हणाल्या नाहीत. मी म्हणाले, "मी आधीच सांगायला पाहिजे होतं."

"मी पण," त्या म्हणाल्या.

त्यांनी मला आत बोलावलं, पण मी गेले नाही, अंगाला वास होता. त्यांनीही फार आग्रह केला नाही, त्यांच्या गाऊनवर पिठाचे डाग होते आणि घरात संदेशचे वडील पेपर वाचत बसले होते. लग्नाचं ठरलेलं सगळं दोन्ही घरांत तसंच अर्धवट पडलं होतं, हॉल नको, विहारातच करू, हे बोलायचं राहिलं होतं. आम्ही दोघींनी ते तिथंच, शेडच्या दारात उभ्या उभ्या ठरवलं. तारीख कोणती, माणसं किती, जेवणात काय. विमलताई म्हणाल्या, "वडे मी करीन." मी म्हणाले, "नव्या तेलात करा." त्या रागावतील असं वाटलं. त्या हसल्या, तोंडावर ओढणी धरून, खूप वेळ. मग मलाही हसू आलं.

गल्लीतून सय्यदभाई हॉर्न वाजवत होते, "आक्का, चला! तेल थिजतंय!"